सात नंबरचा हात

सकाळी नऊ वाजता मी आमच्या मालकांना पेपर वाचून दाखवते. त्या दिवशी पहिल्याच बातमीत 'पाणीपुरवठा' हा शब्द मधोमध खाली वाकला होता. मी चष्मा पुसला. शब्द तसाच राहिला. त्याच्या खालची ओळही वाकली होती, तिच्या खालचीही.

"थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. वाचतेय की."

"अडखळतीस. दोन दिस बघतोय मी."

ते 'बघतोय' म्हणतात, पण त्यांना दिसत नाही. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी नेली, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव नेमगोंडा. त्यांच्यासमोर बसून मी चाळीस वर्षांहून जास्त काळ चांदीचं काम केलं. हुपरीत घरोघरी पैंजण होतात. ते फुंकणीने जाळ मारायचे आणि मी कडीच्या सांध्यावर डाख ठेवायची. डाख म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा तुकडा, खसखशीच्या दाण्याएवढा. त्यांचे डोळे गेल्यावर आम्ही ते बंद केलं. कड्या आता यंत्रं जोडतात. तेव्हापासून आम्ही दोघं त्याच जागी समोरासमोर बसतो, मधे पेपर असतो.

मला अक्षरं एकोणसाठाव्या वर्षी आली. त्याआधी घरातलं सगळं तेच वाचायचे, पत्रं, बिलं, लग्नपत्रिका. त्यांचे डोळे गेले तेव्हा शाळेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या बाईंकडे मी संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागले. वर्षभरात जोडाक्षरं आली. मग मी घरात जे जे लिहिलेलं होतं ते वाचायला घेतलं. डब्यांवरची नावं, भिंतीवरची दिनदर्शिका, आणि पत्र्याच्या पेटीतली जुनी पत्रं.

त्यात माझ्या भावाचं, बापूचं, एक आंतरदेशीय पत्र होतं. मी अठ्ठावीस वर्षांची असताना आलेलं. ते मला ऐकवलेलं आठवत होतं. "सगळी खुशाल हायती, सवडीनं ये म्हणतोय," असं ह्यांनी वाचलं होतं. दिवाळीच्या पैंजणांचं काम तेव्हा जोरात होतं. सवड दिवाळीनंतरच मिळणार होती. नवव्या दिवशी आई गेली. मातीला गेले तर बापूने विचारलं, "पत्र मिळालं न्हाई काय?" मी म्हटलं, "मिळालं की." तो माझ्याकडे बघत राहिला आणि पुढे आयुष्यभर माझ्या दारात आला नाही.

पत्रात लिहिलं होतं की आई तुझं नाव घेते, दोन दिवसांसाठी का होईना, ये.

ते वाचलं त्या दिवशी मी पत्र घडी करून परत ठेवलं आणि भाकऱ्या थापल्या. ह्यांना काही बोलले नाही. राग आला नाही, रडू आलं नाही. दाढ काढताना हिरडीला सुई देतात, मग आपलाच ओठ आपल्याला कळत नाही, तसं काहीतरी झालं आणि तसंच राहिलं. एकच ठरवलं होतं. ते पत्र एक दिवस त्यांना वाचून दाखवायचं. बोलून दाखवायचं नाही, वाचून. मला ते पाठ होतं, पण पाठ म्हटलेलं आणि वाचलेलं यातला फरक त्यांना ऐकून कळतो. मनचं सांगतीस, असं ते म्हणाले असते.

दिवस पुढे जात राहिले. आणि आता ओळी वाकू लागल्या.

*

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर सबनीस बाईंनी मला पडद्यावर माझाच डोळा दाखवला. आतून तो नारिंगी असतो.

"आजी, डोळ्याच्या मागच्या भिंतीवर एक पडदा असतो. आपण बघतो ते त्याच्यावर उमटतं," त्या म्हणाल्या. "वय झालं की कधीकधी त्या पडद्यावर साय धरते. ही बघा. साय आकसली की खालच्या पडद्याला चुण्या पडतात. चुणीवर उमटलेलं अक्षर वाकडंच दिसणार."

"मग?"

"साय सोलून काढायची. पण ती किती पातळ आहे? एका केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातला एक. आणि चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरचा हातसुद्धा केसाएवढा थरथरतोच. म्हणून आता हे यंत्र करतं."

हाताची थरथर काढून टाकणं सोपं होतं, त्या म्हणाल्या. अवघड होतं ते वेगळंच. साय कुठे चिकटली आहे, किती ओढ द्यायची, कधी ओढ सैल करायची, हे त्याला माहीत नव्हतं. ते त्याने माणसांच्या हातांकडून शिकलं. आधी डॉक्टरांच्या, मग बारीक काम करणाऱ्या कारागिरांच्या. डॉक्टर यंत्राच्या पडद्यावर रेघ काढून देतात, कुठून कुठे सोलायचं ते. पुढचं साठवलेला हात करतो, वीसपट लहान होऊन.

"बारा हात आहेत आमच्याकडे," त्या हसत म्हणाल्या. "नऊ नंबर जरा उतावळा आहे. तुम्हाला आपण सात लावू. सगळ्यात शांत."

मी माझ्या हाताकडे बघितलं. अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून माणसं हुपरीत आली होती. आमच्या बोटांना तारा लावल्या, चिमट्यालाही लावल्या, आणि दोन दिवस डाख ठेवायला लावली. पाठीवर कागद चिकटवला होता, त्यावर आकडा. माझा सात.

"तो माझाच हात हाय," मी म्हटलं.

बाई आधी हसल्या, मग त्यांनी संगणकात बघितलं, आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. परिचारिकांना बोलावलं. सगळ्यांनी माझा हात हातात घेऊन बघितला. अकरा हजार डोळे केले आहेत या हाताने, असं त्यांनी सांगितलं. चाळीस गावांत, एकाच वेळी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "माझा हात त्यांनी नापास केला हुता. आठ नंबर."

"थरथरत हुता तुमचा."

"फुंकणीवाल्याचा हात कशाला बघायचा? फुंक बघायची."

अकरा वर्षं झाली, तरी त्यांचा राग गेला नव्हता.

*

उजवा डोळा आधी. डोळ्यामागे सुई दिली आणि डोळा बधिर झाला. ती बधिरता मला ओळखीची वाटली. पूर्ण भूल मला देता येत नव्हती. तेजाबाच्या वाफा आणि धूर घेऊन छाती कामातून गेलेली आहे. छातीला एक पट्टा बांधला. श्वासाबरोबर डोकंही किंचित वर-खाली होतं, तेवढ्यानेही आत गडबड होते. म्हणून यंत्र पट्ट्यावरून श्वासाचा ताल शिकून घेतं आणि छाती वर येणार असली की हातही आधीच तेवढा वर नेतं.

"नेहमीसारखा श्वास घ्या, आजी. बाकी काही करायचं नाही."

मला वाटलं होतं की अंधार असेल. पण आत उजेड होता, पिवळट, पाण्यातून दिसावा तसा. त्या उजेडात वरून एक काळी सावली उतरली. दोन टोकांची. चिमटा.

तो कसा आला ते मी बघितलं. सरळ न येता डावीकडून थोडा तिरका आला, टोकं आधी एकदा जुळवली, मग उघडली. मी चिमटा असाच धरते. माझ्या सासूने शिकवलेलं. दुसरं कुणी असं धरत नाही.

तो सायीच्या कडेला गेला. टोकं उघडी ठेवून थांबला.

आणि मी श्वास धरला.

डाख ठेवताना श्वास धरतात. नाहीतर फुंकरीने उडते. हुपरीतल्या कुठल्याही बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. चिमटा थांबला की छाती थांबते. मी ठरवून काही केलं नाही.

पट्टा सांगत होता की आता छाती वर येणार. यंत्राने हात वर नेला. छाती आली नाही. हात आणि डोळा यांचा मेळ सुटला, आणि मेळ सुटला की चिमटा लगेच मागे घ्यायचा, हे यंत्राला पक्कं शिकवलेलं आहे. पण तोवर चिमट्यात साय आलेली होती. ती जिथे घट्ट चिकटली होती तिथला पडदाही तिच्याबरोबर निघाला.

मला काही दुखलं नाही. उजेडात एक काळा ठिपका आला आणि शाईसारखा पसरला.

"थांबवा," सबनीस बाई म्हणाल्या. "बाहेर घ्या. सगळं बाहेर."

"मॅडम, उरलेलं हातानं—" मदतनीस म्हणाला.

"नाही. बंद करा."

नंतर त्या माझ्या खाटेशी येऊन बसल्या. तिथेच सांगितलं त्यांनी. "आजी, मी नऊ वर्षांत हाताने सोललेलं नाही. हात घातला असता तर उरलेलंही गेलं असतं. आता हाताने करणारं जवळपास कुणी राहिलं नाही." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पाणी प्या म्हटलं.

*

उजव्या डोळ्याने आता कडेकडेचं दिसतं. बघेन तिथे मधोमध काही नाही. दारात माणूस उभा असला तर कपडे दिसतात, तोंड नाही. डाव्या डोळ्यातही साय वाढत होती. ओळी रोज थोड्या जास्त वाकत होत्या. मी मोठे मथळे तेवढे वाचायची.

"आज बातम्या कमी हायत," हे म्हणाले.

"कमीच हायत."

मग तौफिक मुल्ला आला. अकरा वर्षांपूर्वी माझ्या बोटांना तारा लावणारा हाच. तेव्हा काळी दाढी होती, आता पांढरी आहे. तो मूळचा मिरजेचा, त्यामुळे बोलणं आमचंच. ओसरीवर बसून त्याने हातातल्या काचेच्या पाटीवर माझ्या हाताची हालचाल दाखवली, एक निळी रेघ.

"मावशी, हे बघा. सात नंबर पकडायच्या आधी दर वेळी सव्वा सेकंद थांबतो. बाकीचे हुपरीचे हातबी थांबतात, पण कमी. आम्ही त्याला 'थांबा' म्हणतो. का थांबतो, ते कुणालाच कळलं न्हाई. पुढच्या यंत्रात काढून टाकायचं ठरलंय. वेळ वाचतो."

"श्वास धरायला थांबतो त्यो," मी म्हटलं.

तौफिकने पाटी खाली ठेवली.

"तेव्हा का सांगितलं न्हाई, मावशी?"

"तुमी हाताचं विचारलंसा. श्वासाचं कुणी विचारलं?"

अकरा हजार माणसांचं काही बिघडलं नव्हतं. ती आपली श्वास घेत पडून राहिली. आत चिमटा थांबला म्हणून आपणही थांबावं, असं त्यातल्या कुणाला वाटलं नाही. दुसऱ्या कुणाचा हात लावला तरी माझं तेच होणार होतं. बारीक काम समोर आलं की माझी छाती थांबते.

"श्वास थांबला की आपणबी थांबायचं, हे यंत्राला शिकवता येईल," तौफिक म्हणाला. "पण परवानग्या मिळायला वर्ष जाईल. डॉक्टर म्हणतात की डाव्या डोळ्याला दोन महिने हायत."

"म्हंजे मीच शिकायचं."

"व्हय, मावशी."

तो गेल्यावर मी माळ्यावरून लाकडी पाट काढला, चिमटा काढला, उरलेली डाख काढली. जुन्या कडीवर डाख ठेवायची आणि श्वास चालू ठेवायचा. पहिल्या दिवशी एकही जमली नाही. श्वास घेतला की दाणे उडायचे आणि श्वास धरला की जमायचं. दाणे फरशीवर कुठे गेले तेही मला दिसत नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी फक्त पुढचा दाणा उचलत होते.

हे समोर बसले होते. रिकाम्या हातांनी, जसे पूर्वी बसायचे तसे.

"कोंडलास," ते म्हणाले.

"काय?"

"श्वास. कोंडलास आत्ता."

"तुमाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं समोर बसलोय. तुझा श्वास थांबला की मी फुंकणी थांबवायचो, आन् सुटला की जाळ मारायचो. डोळ्यानं बघत हुतो व्हय मी? जाळाकडं बघू का तुझ्याकडं?"

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं की ते माझ्या हाताकडे बघतात.

"आता काय करू?"

"मी 'सोड' म्हटलं की सोड."

मी डाख उचलली. कडीशी नेली.

"सोड," ते म्हणाले.

मी सोडला. दाणा उडाला. दुसरा घेतला. "सोड." तिसरा. दुपारपर्यंत आम्ही तेच करत बसलो. एवढं बोलणं आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते एकाच शब्दाचं होतं. विसाव्या दिवशी शंभरातल्या साठ-सत्तर वेळा मी आपोआप सोडत होते. उरलेल्या वेळा त्यांचा आवाज लागायचा.

मी डॉक्टरांना सांगितलं की ह्यांना आत घ्या.

बाईंनी विचारलं, "आजोबांवर भरवसा आहे ना तुमचा? त्यांनी एकदा जरी चुकवलं तर—"

पेटीतलं पत्र मला आठवलं.

"श्वास त्यांनाच ऐकू येतो," मी सांगितलं.

*

हिरवा डगला घालून ते माझ्या पायाशी स्टुलावर बसले. माझी टाच त्यांनी हातात धरली. मोठ्याने बोलायचं नाही, आणि 'सोड' याशिवाय काही बोलायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं.

"एवढा एकच शब्द हाय म्हंजे डॉक्टरांपरास माझं काम सोपं," ते म्हणाले. परिचारिका हसली.

पुन्हा तो पिवळट उजेड. पुन्हा डावीकडून तिरका आलेला चिमटा. टोकं जुळली, उघडली, थांबली.

"सोड."

सोडला. चिमट्याने सायीची कड उचलली. काचेवरचा कागद निघावा तशी ती सुटू लागली. मी बघत होते. दहा वेळा, बारा वेळा. कधी मी आपोआप सोडत होते, कधी त्यांचा आवाज येत होता.

"आता मधला भाग," बाई कुणाला तरी म्हणाल्या. "अगदी सावकाश."

खोलीतले सगळे गप्प झाले. यंत्राचा बारीक आवाज तेवढा होता. चिमटा मधोमध आला, जिथे सगळं वाचणं असतं, आणि थांबला.

माझी छाती थांबली.

'सोड' आलं नाही.

मी वाट बघितली. टाचेवरची त्यांची बोटं घट्ट झाली होती, दगडासारखी. तेव्हा मला कळलं. खोली गप्प झाली, काम नाजूक आलं, आणि ह्यांचाही श्वास धरला गेला होता. जणू फुंकणी ओठांपाशी नेऊन ते माझी वाट बघत होते. श्वास कोंडलेल्या माणसाला बोलता येत नाही.

दोघांपैकी कुणी तरी सोडायला हवा होता. सव्वा सेकंदातला किती गेला होता, ते मला माहीत नव्हतं. मी सोडला, नाकातून, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असा.

टाचेवरची बोटं सैल झाली. त्यांचाही श्वास फुटला आणि त्यांना ठसका लागला.

"शूऽऽ," परिचारिका म्हणाली.

चिमटा मिटला. मधली साय एका तुकड्यात वर आली आणि उजेडात तरंगत निघून गेली.

*

डोळ्यातली सूज उतरायला सहा आठवडे लागले. मग एका सकाळी ओळी सरळ दिसल्या. उजव्या डोळ्यावर मी कापड बांधते, म्हणजे डाव्याला त्रास होत नाही.

नऊ वाजता पेपर उघडला. पाणीपुरवठा, ऊस, जिल्हा परिषद. आतल्या पानावर डोळ्यांच्या यंत्राची बातमी होती. नवीन यंत्र आलं आहे, पहिल्यापेक्षा वेगवान, त्यातले अनावश्यक थांबे काढून टाकले आहेत. तीही मी वाचली.

"म्हंजे तुझा हात न्हाई त्यात?"

"हात हाय. थांबणं काढलंय."

पेपर संपला. मी घडी केली. ते उठायला लागले.

"बसा वाईच. आनखी एक हाय वाचायचं."

पेटीतून पत्र आणलं. घड्यांवर कागद विरला होता. मांडीवर पसरलं, बोट ठेवलं आणि पेपर वाचते त्याच आवाजात वाचायला लागले. वरची तारीख वाचली. 'प्रिय जिनाक्कास, बापूचा नमस्कार' वाचलं. मला जिनाक्का म्हणणारा बापूच एक होता. ह्यांनी मान वर केली. आई पंधरा दिवस अंथरुणाला आहे, ते वाचलं. ती तुझं नाव घेते, ते वाचलं. दोन दिवसांसाठी का होईना, ये. काम काय रोजचंच आहे. दाजींना सांग, मी विनंती करतो म्हणून.

खाली बापूची सही होती. तीही वाचली.

माझ्या आत काही हललं असेल तर मला कळलं नाही. मी कागदावरून बोट उचललं आणि ऐकत राहिले. रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. शेजारी कुणी तरी नळ बंद केला. समोरून काहीच येत नव्हतं. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, घट्ट, आणि छाती वर येऊन तिथेच राहिली होती. ते श्वास धरून बसले होते.

मी थोडा वेळ तसंच बसू दिलं.

मग म्हटलं, "सोडा."